लोलकाचा दिवस

"का गं बाये, माझे हात काय गहाण पडलेत, म्हणून लोलक तुझ्या हवाली करू?"

टोलेमावशीनं हे फाटकाची कडी काढता काढता विचारलं, मागं वळूनही न बघता. विचारलं ते हॉकीच्या कप्तान पोरीला. पोरगी उजाडताच येऊन उभी होती. खांद्यावर काठी, गळ्यात मफलर, अंगात जाडजूड स्वेटर, आणि तोंड असं की जणू लढाईवर निघालीय.

कप्तान म्हणाली, हातांबद्दल तक्रार नाही मावशी. पण तुमची लेक तुम्ही तिकडं दिलीत.

"दिलीत म्हणजे? लग्न लावलंय का तिचं वरच्या कॉलेजाशी? शिकायला गेलीय. संध्याकाळी घरीच येते."

"तेच ना. रोज एका घरात. मी नाही बोलत, पोरी बोलतायत."

मावशीनं फाटक ढकललं. ते जुनं लोखंडी फाटक कुरकुरल्याशिवाय उघडत नसे. पुरतं उघडल्यावर ती म्हणाली, घंटा माझी, लोलक माझा. संध्याकाळची शेवटची घंटा मी देणार आणि ह्याच लोलकानं देणार. पोरींना सांग, तोंडं दुखेस्तोवर बोला.

कप्तान काही गेली नाही. फाटकाच्या आत, कुंपणाला पाठ लावून एक दगडी बाक होता. त्यावर बसली, काठी मांडीवर आडवी घेऊन. राखण लोलकाची होती की मावशीची, ते काही तिनं सांगितलं नाही.

आता हे लोलकाचं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला पाहिजे.

टेकडीच्या उतारावर मुलींची दोन कॉलेजं आहेत. एक पायथ्याशी, एक माथ्यावर. दोन्हींनाही लांबलचक नावं आहेत, दगडात कोरलेली, पण लोक आपले खालचं आणि वरचं एवढंच म्हणतात. कुठंही प्रवेश मिळाला तरी आईबाप महिनाभर शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरतात. खालच्या म्हणतात, वरच्या पोरींची नाकं जन्मतःच वर. वरच्या म्हणतात, खालच्यांना बिचाऱ्यांना मान वर करून आमच्याकडं बघायची सवयच आहे. वैर म्हणावं तर नाही. एकीकडची आजारी पडली तर दुसरीकडची तिला टिपणं आणून देते. पण वर्षातला हॉकीचा सामना आणि त्याचा आदला दिवस, ह्या दोन दिवसांत माणुसकी खुंटीला टांगलेली असते.

आदला दिवस तो लोलकाचा. दोन्ही कॉलेजांच्या घंटा एकाच भट्टीतल्या, सख्ख्या बहिणी म्हणा. फार पूर्वी वरच्यांच्या घंटेचा लोलक, म्हणजे आत लोंबणारा टोल्याचा गोळा, तुटला, तेव्हा त्यांनी खालच्यांचा मागून नेला. न्यायचं लक्षात राहिलं, आणून द्यायचं राहिलं नाही. मग खालच्या पोरींनी भर दुपारी वर जाऊन तो उचलून आणला आणि येताना घंटेखाली एक फूल ठेवून आल्या, म्हणजे चोरी म्हणायला नको. तेव्हापासून दर वर्षी हा खेळ. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत एकमेकींचा लोलक पळवायचा. तास संपला की घंटा द्यायचीच, आणि आपल्याच लोलकानं द्यायची. मधल्या वेळात तो काढून आवाराच्या आत लपवायचा. अंगाला हात लावायचा नाही. आणि उचलला तर त्या जागी काहीतरी ठेवायचं. नेलेला लोलक दुसऱ्या दिवशी सामन्याआधी वाजतगाजत परत येतो, तेव्हा ज्यांचा गेला त्यांनी माना खाली घालून चहा पाजायचा.

लागोपाठ दोन वर्षं खालच्यांनी चहा पाजला होता. पहिल्या वर्षी लोलकाच्या जागी एक बटाटा सापडला, गेल्या वर्षी तुटकी चप्पल. बटाटा हसण्यावारी गेला. चप्पल बघून मात्र प्राचार्यबाईंनी मावशीला आत बोलावून घेतलं. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मऊ आवाजात म्हणाल्या, मावशी, आता वय होतं माणसाचं. यंदा ठीक आहे. पण पुढच्या वर्षीही तुमच्या हातून गेला, तर विजेची घंटा बसवून टाकू. तुम्ही प्रयोगशाळेत या, तिथं सावलीत काम आहे, बाटल्या धुवायचं.

मावशीचं निम्मं आयुष्य त्या फाटकावर गेलेलं. खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठं उरलंच नव्हतं. टोले देते म्हणून टोलेमावशी, आणि शिकून गेलेल्या पोरी आपल्या पोरींना घेऊन यायच्या तेव्हा त्याही टोलेमावशीच म्हणायच्या. तिच्या टोल्यावर सगळं कॉलेज उठायचं, बसायचं, पळायचं. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, माझ्या मागं पन्नास माणसं बसतात आणि एकही माझं ऐकत नाही, तुझं बरंय. तर अशी बाई बाटल्या धुणार. सावलीत.

त्यात लेक. लेकीला दोन्हीकडं प्रवेश मिळाला होता. मावशी धरूनच चालली होती की पोरगी खालीच येणार. पण तिनं वरचं धरलं. विचारलं तर आईच्या तोंडावर सांगितलं, तुझ्या कॉलेजात मी किती पुढं गेले तरी फाटकावरचीच पोर राहीन. मावशीला ते लागलं, पण खोटं काही सापडेना त्यात. वर जाऊन तरी काय झालं? तिथल्या पोरी तिला म्हणायच्या, खालून आलेली. चार महिने झाले, अजून तिला कुणी खेळात घेत नव्हतं की गप्पांत. हे लेकीनं सांगितलं नव्हतं. पण आईपुढं माणूस न बोलता जेवायला लागला की काय सांगायचं राहतं?

म्हणजे आता लोलक गेला तर नुसता गेला म्हणून कुणी म्हणणार नव्हतं. दिला म्हणणार होते.

पहिली घंटा झाली. मावशीनं फाटकाजवळच्या घंटेच्या आकड्यातून लोलक काढला. वीतभर लांब लोखंडी दांडी, खाली मुठीएवढा गोळा, पदराखाली मावणारा. तो घेऊन ती फाटकाशेजारच्या आपल्या चौकीत गेली आणि दार ओढून घेतलं.

गेल्या दोन वर्षांत तिनं अक्कल लढवून जागा शोधल्या होत्या. एकदा पाण्याच्या टाकीमागं, एकदा जिन्याखालच्या अडगळीत. अवघड जागा. आणि वरच्या पोरी अवघड जागाच शोधतात, शिकलेल्या आहेत त्या. यंदा तिनं ठरवलं होतं, लपवायचंच नाही. खिळ्याला डब्याची पिशवी टांगलेली होती. भल्या पहाटे ती नाश्त्याचा डबा घेऊन यायची, खाऊन झालं की रिकामा डबा पिशवीत घालून खिळ्याला अडकवायची. तेलकट पिशवी, जुन्या पडद्याच्या कापडाची, तिनंच शिवलेली. तिच्यात कोण हात घालतंय? तिनं लोलक डब्याशेजारी उभा सारला, वर खरकटं पुसायचं फडकं टाकलं आणि बाहेर आली. कप्तानलाही सांगितलं नाही कुठं ठेवला ते. कप्ताननंही विचारलं नाही, पण तिला ते लागल्याचं दिसलं.

सकाळ अशी गेली, की जणू पायाखाली विस्तव आहे. आधी दोन पोरी बादल्या घेऊन आल्या, म्हणे खिडक्या पुसायला पाठवलंय. कप्ताननं त्यांचे तळहात बघायला मागितले. एवढे मऊ हात घेऊन खिडक्या पुसणारी अजून जन्मायचीय, म्हणून परतवून लावलं. मग डोक्यावरून शाल घेतलेली एक म्हातारी पत्ता विचारायला आली. मावशीनं तिला नीट पत्ता सांगितला, वर म्हणाली, आजी, मिशी एका बाजूनं सुटलीय. म्हातारीचा हात पटकन ओठाकडं गेला. मिशी नव्हतीच, पण सोंग उघडं पडलं. बाकावरची कप्तान तेवढी एकदा हसली.

दर तासाला मावशी चौकीत जायची, पाठ दाराकडं करून पिशवीतून लोलक काढायची, अडकवायची, टोले द्यायची, काढायची, पुन्हा पिशवीत. प्रत्येक वेळी हात फडक्याखाली घालताना मनात तेच. असेल ना? असायचा. गार, जड, जागच्या जागी.

मग लेक आली.

ती रोज याच वेळेला यायची. वरच्या कॉलेजाचा रस्ता फाटकावरूनच चढतो. घरचं आवरून, जेवणाचा डबा घेऊन ती निघायची, फाटकाशी आईला भरली पिशवी द्यायची, रिकामी घ्यायची आणि वर जायची. दोन्ही पिशव्या एकाच पडद्यातल्या. एक आली की एक गेली. शाळेत होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्याला बोलणं लागत नसे.

आज मात्र कप्तान बाकावरून उठून फाटकात आली. कोपऱ्यावर, वळणाच्या भिंतीशी, वरच्या कॉलेजाच्या तिघी उभ्या होत्या. लेकीची वाट बघत. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं, आणि ते का थांबलं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मावशी चौकीच्या दारात उभी राहिली. मनात म्हणाली, विचारू दे काय विचारायचं ते, मी हूं की चूं करायची नाही. लेकीनं काही विचारलंच नाही. आईच्या तोंडाकडं बघितलं, चौकीकडं नजरसुद्धा टाकली नाही. मोठ्यानं, कप्तानला ऐकू जाईल असं म्हणाली, भाजी तिखट झालीय, पाणी घेऊन बस. आणि पिशवी पुढं केली.

कप्ताननं हटकलं, आत काय आहे? लेक म्हणाली, भाजी. तिखट. कप्ताननं पिशवीत डोकावून बघितलं, मग त्या तिघींकडं बघितलं. तिघी हसत होत्या. एकीनं तिथूनच ओरडून विचारलं, कप्तानबाई, डब्यातून हॉकीची टीम नेतोय का आम्ही? कप्तानचे कान लाल झाले.

मावशीचं लक्ष त्या तिघींकडं. त्यांतली एखादी कुंपणाकडं सरकतेय का, एखादी दिसेनाशी झालीय का. तोंडानं ती लेकीला म्हणत होती, जा आता, उशीर होईल. आणि हातानं रोजचं काम केलं. भरली पिशवी घेतली, खिळ्याची काढली, लेकीच्या हातात दिली.

लेक वळली आणि चालू लागली.

मावशी बघत राहिली. पोरगी भिंतीकडेनं चालली होती, एका हातात वह्या, एका हातात पिशवी. रोज ती पिशवी हिंदकळायची. रिकाम्या डब्याची पिशवी, पोरीच्या चालीबरोबर पुढं-मागं व्हायची, डब्याचं झाकण खुळखुळायचं. आज पिशवी हलत नव्हती. सरळ खाली ओढलेली, खांदा तेवढा एका अंगाला कललेला.

लोलक पिशवीतच होता.

तिनं खिळ्याकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, आणि कप्तान हातभर अंतरावर उभी होती. चुकून झालं म्हणून कोण ऐकून घेणार? दिवसभर कुणाला हात लावू न दिलेला लोलक स्वतःच्या हातानं स्वतःच्या लेकीला, फाटकातून, राजरोस. आणि लेकीला कळलं नसेल? हातात येताक्षणी कळलं असणार. तरी ती चालली होती.

आता एक शब्द बोलायचा अवकाश, कप्तान वाऱ्यासारखी सुटली असती. मागून पाच-पंचवीस पोरी. भर रस्त्यात लेकीला घेरलं असतं, पिशवी ओढली असती, डबा गडगडत खाली गेला असता. लोलक वाचला असता. आणि फाटकावरची पोर जन्मभर फाटकावरचीच राहिली असती, वरही आणि खालीही. न बोलावं तर बाटल्या. आणि बाटल्यांचंही सोड, आईनं दिला, हे नाव.

चौकीतल्या घड्याळाचा मोठा काटा तासाकडं सरकत होता. लेक कोपऱ्यापासून थोडी अलीकडं होती. तिघींपैकी एकीनं तिच्यासाठी हात पुढं केला.

"अगं ए," मावशीनं हाक मारली. आवाज रोजचाच निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "चमचा राहिला बघ."

लेक थांबली.

मावशीनं कमरेला खोचलेला चमचा काढून वर धरला. दांडा वाकलेला जुना चमचा, नाश्त्याला आणलेला. एवढ्याशा चमच्यासाठी कुणी माणसाला चढावरून मागं बोलावतं का? पण आया बोलावतात. कप्तानलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिची आईही तसलीच असणार.

तिघींनी म्हटलं, जाऊ दे गं, चल. लेक रस्त्याच्या मधोमध उभी. एकदा वर बघितलं, एकदा खाली. मावशीनं चमचा तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तरी खाली केला नाही. बोलावलं, तेवढं बोलावलं. आता यायचं की नाही ते तिचं तिनं बघायचं होतं.

लेक परत आली. सावकाश आली, पाय ओढत. फाटकाच्या गजांशी अगदी जवळ उभी राहिली. कप्तानचे डोळे त्या तिघींवर खिळलेले.

"हातात आला तेव्हाच कळलं होतं मला," लेक ओठातल्या ओठात म्हणाली.

"मग गेलीस कशी?"

"ठरवत होते."

लेकीनं चमचा घेतला. मग जड पिशवी आईच्या हातात दिली आणि आईच्या हातातली जेवणाची पिशवी काढून घेतली. कोपऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावं, चमचा ठेवायला पिशवी उघडली असेल. तोच पडदा, तीच फुलं.

"आईनं दिला म्हणून नकोय मला," ती म्हणाली. "घ्यायचा तर घेऊन दाखवीन."

आणि आईचं जेवण घेऊन वर निघून गेली.

मावशीनं चौकीत जाऊन लोलक काढला, अडकवताना आकडा दोनदा चुकला. टोले मात्र खणखणीत दिले. मग तिनं जे केलं ते सकाळी कुणी सांगितलं असतं तर ती त्याच्या अंगावर धावून गेली असती. लोलक घेऊन ती थेट बाकाकडं गेली आणि तो कप्तानपुढं धरला.

"घे. तूच सांभाळ."

कप्ताननं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, मावशी, सकाळचं मनावर घेऊ नका. पोरी काहीही बोलतात.

"मनावर नाही घेतलं. माझा हात आज माझा नाही." एवढंच सांगितलं. ते खरंच होतं. आणि दुसरंही खरं होतं की पिशवीची जागा आता घरच्याच शत्रूला ठाऊक झाली होती. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

कप्तानची छाती दोन बोटं फुगली. तिनं अंगातला स्वेटर काढून लोलक त्यात गुंडाळला, बाकाखाली सारला आणि वर अशी बसली, जशी कोंबडी अंड्यावर. घंटेची वेळ झाली की उठायची, गुंडाळी सोडायची, लोलक मावशीला द्यायची, टोले होईपर्यंत शेजारी उभी राहायची, परत घ्यायची. दुपार अशी सरली. मावशीच्या पोटात कावळे कोकलत होते. कप्ताननं विचारलं, जेवत का नाही? मावशी म्हणाली, भूक मेली आज.

उन्हं कलली. एकच तास उरला. वरून कुणीच येईना, आणि त्या न येण्यानंच जीव जास्त टांगणीला लागला. कप्तान बसल्या जागी काठी बोटांत फिरवत होती. मावशी फाटकात उभी राहून चढावरचा रस्ता बघत होती.

रस्त्यानं लेक उतरत आली. एकटी. हातात पिशवी.

कप्तान सावध झाली, पण बाक सोडला नाही. लेक सरळ फाटकाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, डबा चुकून माझ्याबरोबरच वर आला. आई सकाळपासून उपाशी आहे.

कप्ताननं मावशीकडं बघितलं. मगाशी भूक मेली म्हणालेली बाई डब्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात भूक मेल्याचं काही चिन्ह नव्हतं. कप्तान म्हणाली, आण इकडं. पिशवी बघितल्याशिवाय देणार नाही. लेकीनं पिशवी बाकावर ठेवली. कप्ताननं फडकं झटकलं, डबा उघडला, भाजीत काठीचं टोक घालायची राहिली तेवढी. पिशवी उलटी करून झटकली. लेक म्हणाली, बाई गं, भात मोजून घे, शितं कमी भरली तर मला बोल लागेल. कप्तान म्हणाली, तुमच्या कॉलेजाचा भरवसा नाही. लेक म्हणाली, तुमच्या कप्तानच्या भरवशाचं खूप ऐकलंय. दोघी अशा जुंपल्या की बघत राहावं, आणि भांडता भांडता दोघींनाही हसू येत होतं. मावशीनं मधे पडून डबा ओढून घेतला, चौकीच्या पायरीवर बसली आणि जेवायला लागली. पोरगी खोटं बोलली नव्हती, भाजी तिखट होती. गारढोण झालेलं ते जेवण तिनं खाली मान घालून चाटूनपुसून खाल्लं. चमचा नव्हता, हातानंच खाल्लं.

लेकीनं रिकामा डबा मागितला नाही. जाते म्हणाली आणि निघाली. जाताना ती पळत नव्हती, पण चालतही नव्हती.

तास संपत आला. मावशीनं हात धुतला, पदराला पुसला, आणि कप्तानपुढं उभी राहिली. आण.

कप्ताननं बाकाखाली हात घातला. स्वेटर होता. गुंडाळी बाहेर काढताना तिचा चेहरा बदलला. गुंडाळी हलकी होती. तिनं ती सोडली. आत दांडा वाकलेला एक चमचा.

बाकामागच्या कुंपणाच्या गजांत हात जाईल एवढी फट होती. पलीकडच्या झुडपांत गवत नुकतंच दबलेलं दिसत होतं. कप्तान शितं मोजत होती तेव्हा तिघी तिथं पोटावर पडून असणार.

मावशीनं चमचा उचलला. मनात आलं, लेक मी उपाशी आहे म्हणून आली होती, की उपाशी आहे ह्याचा फायदा घ्यायला? दोन्ही असेल. जेवण तर पोटात गेलंच होतं.

घंटेची वेळ टळली. वर्गांच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. व्हरांड्यात प्राचार्यबाई येऊन उभ्या राहिल्या, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. मावशीच्या डोळ्यांपुढं बाटल्या आल्या, ओळीनं मांडलेल्या, ओल्या. तिनं पाऊल उचललं, पण कप्तान तिच्या आधी चालायला लागली. व्हरांड्यापाशी जाऊन ताठ उभी राहिली आणि सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लोलक गेला, बाई. माझ्याखालून गेला. मावशींनी माझ्याकडं सांभाळायला दिला होता."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. मग लांबून मावशीकडं. "मावशींकडून नाही गेला?"

"मावशींकडं होता तोवर होता."

मावशीनं जमिनीकडं बघितलं. हे वाक्य तिच्या घशाखाली भाजीपेक्षा कष्टानं उतरलं. पण उतरवलं.

"बरं," बाई म्हणाल्या, विजेच्या घंटेचं नावही न काढता. "मग घंटा का थांबलीय? उद्या सकाळी लोलक येईल, तोवर फाटकाच्या दांड्यानं वाजवा." आणि कप्तानकडं वळून म्हणाल्या, "चहाचं तुम्ही बघायचं. साखर जास्त घाला, वरच्यांना गोड लागतो."

मावशीनं चमचा कमरेला खोचला. फाटकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि घंटेच्या कडेवर घातला. आवाज फुटका निघाला, पत्र्यावर दगड पडावा तसा. खिडक्यांत हशा पिकला. तिनं पुन्हा घातला. खांद्यातून कळ गेली, तरी राहिलेले टोले तिनं एकही न गाळता दिले. तेवढ्यात पोरी लोंढ्यानं बाहेर पडायला लागल्या, तसा दांडा भिंतीला टेकवून तिनं फाटक पुरतं उघडलं, दगडाची पाचर लावली, आणि सायकलवाल्यांना आधी वाट करून देत, चालणाऱ्यांना एका अंगाला व्हा म्हणून ओरडत राहिली.